देहस्थ परद्रव्य आणि वैद्याचे उत्तरदायित्व

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णाची परीक्षा करताना आपण दोष, धातू, मल, अग्नी, कोष्ठ, सात्म्य, सत्त्व यांचा विचार करतो. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत या परीक्षेत एका नव्या विषयाची भर पडली आहे आणि तिची पुरेशी दखल आपण अद्याप घेतलेली नाही. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या परिसरातील साधा शेतकरीसुद्धा आज छत्रपती संभाजीनगर, अकोला किंवा नागपूर येथे शस्त्रकर्म करून गावी परततो, तेव्हा त्याच्या देहात काहीतरी ठेवलेले असते. कोणाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत धातूची जाळी असते, कोणाच्या छातीत पेसमेकर असतो, कोणाचा खुबा वा गुडघा कृत्रिम असतो, कोणाच्या मानेखाली डायलिसिसची नळी असते. हाच रुग्ण पुढे सांधेदुखी, मलावष्टंभ किंवा निद्रानाश यांसाठी आपल्याकडे येतो. आपण त्याला अभ्यंग, स्वेदन, बस्ती सुचवितो. त्याच्या देहात कोणते परद्रव्य आहे, ते कशाचे बनले आहे आणि आपल्या उपक्रमांचा त्याच्याशी काय संबंध येतो, हे विचारणारे आपल्यात किती जण आहेत?

हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारलेला आहे. काही वर्षांपूर्वी साठीतले एक शेतकरी अवबाहुकासाठी माझ्याकडे आले. त्यांचे डायलिसिस चालू होते आणि उजव्या गळपट्टीच्या हाडाखालून नळी बाहेर आलेली होती. नळीच्या मुखावर पारदर्शक चिकट पट्टी लावलेली होती. नळी मी पाहिली होती. तिचा विचार केला नव्हता. त्याच बाजूच्या खांद्याला तैलाभ्यंग व नाडीस्वेद दिला. तिसऱ्या दिवशी पट्टीची कड सुटली, तेल आत ओघळले. सहायकाने कापसाने पुसून पट्टी पुन्हा दाबून बसविली. पुढील डायलिसिसच्या वेळी रुग्णाला थंडी वाजून ताप भरला. नळी काढावी लागली आणि दुसऱ्या बाजूने नवी घालावी लागली. सुदैवाने ते वाचले. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेलानं खांदा मात्र मोकळा झाला होता." त्यांनी मला दोष दिला नाही, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ताप तेलामुळेच आला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तेलाचा संबंध नव्हता असेही मी म्हणू शकत नाही. ती नळी ज्या जातीच्या द्रव्यापासून बहुधा बनवितात आणि तिच्यावरील ती पारदर्शक पट्टी ज्या द्रव्याची असते, ते द्रव्य एकच आहे, पॉलियुरेथेन, हे मला त्यानंतर वाचनातून कळले.

या विषयावर आपल्या वर्तुळात दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, हा आधुनिक शल्यतज्ज्ञांचा व अभियंत्यांचा विषय आहे. आपला काय संबंध? दुसरे उत्तर असे की, आपल्या ग्रंथांत सर्व काही आहे; नवे शिकण्याचे कारण नाही. माझ्या मते दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. संबंध आहे, कारण रुग्ण आपल्या दारी आहे. आणि ग्रंथांत जे आहे ते निश्चितच मौलिक आहे, परंतु ते आपल्याला विचाराची दिशा देते. विचार करण्याच्या कष्टातून मुक्त करीत नाही.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रनष्ट शल्याचा, म्हणजे देहात राहून गेलेल्या शल्याचा विचार केला आहे. आपण हा अध्याय परीक्षेपुरता वाचतो. परंतु त्यात एक असा विचार आहे की जो आजच्या द्रव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही मन लावून वाचावा. सुवर्ण, रजत, ताम्र, पितळ, कथील, शिसे यांची शल्ये दीर्घकाळ देहात राहिल्यास पित्ताच्या तेजाने विलीन होतात, तर शृंग, दंत, केश, अस्थी, वेणू, काष्ठ, पाषाण व मृत्तिका यांची शल्ये देहात विशीर्ण होत नाहीत, असे आचार्य सांगतात. त्यातील प्रत्येक विधान आजच्या प्रयोगशाळेत जसेच्या तसे टिकेल असा माझा दावा नाही. सुवर्ण हे तर आज अत्यंत स्थिर मानले जाते. महत्त्व आहे ते विचारपद्धतीला. परद्रव्य देहात राहिले की प्रश्न केवळ त्याच्या उपस्थितीचा नसतो. द्रव्य कोणते, काळ किती आणि देह त्यावर काय क्रिया करतो, असे तीन प्रश्न आचार्यांनी उपस्थित केले. देह हे निष्क्रिय भांडे नव्हे, तो त्या द्रव्याला पचवू पाहतो, ही त्या अध्यायातील मूळ जाणीव आहे.

आधुनिक शास्त्राला या जाणिवेपर्यंत यावयास वेळ लागला. प्रारंभी असे मानले जाई की जे द्रव्य देहात काहीच करीत नाही ते उत्तम. १९८७ मध्ये विल्यम्स या इंग्लिश शास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्येने हा विचार बदलला. विशिष्ट उपयोगात, देहाकडून उचित प्रतिसाद मिळवून कार्य करण्याची द्रव्याची क्षमता म्हणजे जैवसुसंगती, असा तिचा आशय आहे. म्हणजे जैवसुसंगती हा केवळ द्रव्याचा गुण नव्हे. द्रव्य, स्थान, कार्य आणि देह यांच्या संबंधाचा तो गुण आहे. सात्म्याची संकल्पना शिकलेल्या वैद्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कोणतेही द्रव्य सर्वांना, सर्वत्र, सर्वकाळ सात्म्य नसते, हे आपण प्रथम वर्षातच शिकतो. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आय.एस.ओ. १०९९३ मध्ये, उपकरणाचा देहाशी संपर्क २४ तासांपर्यंतचा, ३० दिवसांपर्यंतचा की त्याहून अधिक, अशी कालानुसार विभागणी केली आहे आणि त्यानुसार पेशींवरील विषाक्तता, क्षोभ, संवेदनशीलता इत्यादी परीक्षा सांगितल्या आहेत. शिरेत एक दिवस राहणारी नळी आणि वीस वर्षे राहणारी तार यांना एकच माप लावता येत नाही.

आता पॉलियुरेथेनकडे वळू. हे द्रव्य ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये निर्माण केले. आपल्या घरातील फोमची गादी, बुटाचा तळ, फर्निचरचा वॉर्निश यांत ते आहे. त्याच्या रेणूत मृदू खंड आणि कठीण खंड एकाआड एक गुंफलेले असतात. मृदू खंडामुळे ते रबरासारखे ताणले जाते, कठीण खंडामुळे बळकट राहते. दोहोंचे प्रमाण बदलून हवे तसे द्रव्य करता येते. त्यामुळे बारीक, बळकट आणि देहाच्या उष्णतेने मऊ होणाऱ्या नळ्यांसाठी ते वैद्यकात फार लवकर आवडते झाले.

पुढे काय घडले ते मननीय आहे. पहिल्या पिढीतील पॉलियुरेथेनचे मृदू खंड एस्टर जातीचे होते. देहातील जलांशाने त्यांचे विघटन होते असे दिसले, म्हणून ईथर जातीचे खंड वापरण्यात आले. ते जलाने विघटित होत नसत. प्रश्न सुटला असे वाटले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेसमेकरच्या तारांवर या दुसऱ्या जातीच्या पॉलियुरेथेनचे आवरण आले. ते सिलिकोनपेक्षा बारीक व निसरडे असल्याने शिरेतून तार घालणे सुलभ झाले. प्रयोगशाळेत ते उत्तीर्ण झाले होते. परंतु काही वर्षांतच काही तारांच्या आवरणांना तडे गेलेले आढळू लागले. कारणे दोन निघाली. परद्रव्याभोवती जमणाऱ्या भक्षक पेशी ऑक्सिजनजन्य तीव्र द्रव्ये सोडतात. त्यांनी ईथरचे बंध तुटत आणि जेथे आवरणावर ताण असे तेथे ते चिरत जाई. ही बाहेरून होणारी हानी. दुसरी आतून: तारेतील कोबाल्टसारख्या धातूचे अंश आवरणाच्या आतील बाजूचे ऑक्सिडीकरण त्वरेने घडवीत. विशेष म्हणजे अधिक मृदू प्रकारात हा दोष अधिक दिसला आणि त्याहून कठीण प्रकार पुष्कळ चांगला टिकला. जो गुण हवा म्हणून मृदू खंड वाढविला, तोच हानीचे द्वार ठरला. पुढे कार्बोनेट जातीचे व सिलिकोनमिश्रित प्रकार आले आणि परिस्थिती बरीच सुधारली.

हीच कथा अन्यत्रही दिसते. स्तनांच्या कृत्रिम रोपणांवर पॉलियुरेथेन फोमचे आवरण घातले जात असे. त्याच्या विघटनातून टोल्युइन डायअमाइन हे प्राण्यांमध्ये कर्करोगकारक ठरलेले द्रव्य निघू शकते, या चिंतेमुळे अमेरिकेत १९९१ मध्ये ही रोपणे बाजारातून मागे घेण्यात आली. पुढील अभ्यासात धोका अत्यल्प असल्याचे दिसले आणि अन्य काही देशांत त्यांचा वापर चालू राहिला. सिलिकोनचेही उदाहरण आहे. १९६० मध्ये प्रथम बसविलेल्या चेंडूच्या कृत्रिम हृदयझडपेत सिलिकोनचा चेंडू असे. काही रुग्णांत तो रक्तातील स्नेह शोषून फुगत व तडकत असे. सिलिकोन पक्के करण्याची पद्धती सुधारल्यावर तो दोष आटोक्यात आला. स्नेहद्रव्यांचा नित्य वापर करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या सर्वांतून मी एकच निष्कर्ष काढतो. प्रयोगशाळेतील उत्तीर्णता ही प्रारंभाची गोष्ट आहे. खरी परीक्षा देहात आणि काळात होते. सुश्रुताचार्यांनीही असे म्हटले आहे की शुद्ध देहात अनुलोम बसलेले शल्य व्रण भरून आत राहू शकते, परंतु दोषप्रकोप, व्यायाम, अभिघात यांनी ते पुन्हा पीडा देऊ लागते. म्हणून परद्रव्य धारण करणाऱ्या रुग्णावर दीर्घकाळ दृष्टी ठेवणारा कोणीतरी असला पाहिजे. मोठ्या शहरातील शल्यतज्ज्ञ वर्षातून एकदा त्याला पाहतो. आपण त्याला महिन्यातून एकदा पाहतो. ही दृष्टी ठेवण्यास आपल्याइतका सुस्थानी दुसरा कोण आहे?

दृष्टी न ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. ते पॉलियुरेथेनचे नाही, धातूचे आहे. पण धडा तोच आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीचा ए.एस.आर. हा धातूवर धातू घासणारा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. घर्षणातून कोबाल्ट व क्रोमियमचे अंश रक्तात व भोवतीच्या धातूंत उतरत होते आणि अनेकांना दुसरे शस्त्रकर्म करावे लागले. भारतात सुमारे ४,७०० रुग्णांना हा खुबा बसविला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला व २०११ मध्ये मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदविली. केंद्र शासनाची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये आणि तिचा अहवाल आला २०१८ मध्ये. त्याच वर्षी नुकसानभरपाईचे सूत्रही ठरले. परंतु तोपर्यंत बहुसंख्य रुग्णांचा शोधच लागत नव्हता. कोणाच्या देहात काय आहे, याची नोंद नव्हती आणि ज्यांच्या देहात ते होते त्यांनाही त्याचे नाव ठाऊक नव्हते. त्यांपैकी कोणी दुखऱ्या खुब्यासाठी एखाद्या वैद्याकडे गेलाच नसेल असे म्हणवत नाही. त्या वैद्याने संधिगत वात समजून तेल चोळले असेल, तर दोष त्याचा एकट्याचा नाही; पण तो प्रश्न विचारता आला असता.

आता आपल्या स्वतःच्या उपकरणांकडे पाहू. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या पाचव्या अध्यायात बस्तिनेत्राचे आठ व बस्तिपुटकाचे आठ दोष सांगितले आहेत. नेत्र जीर्ण नसावे, त्याला पार्श्वच्छिद्र नसावे. पुटक छिन्न, जालयुक्त, क्लिन्न नसावे. उपकरणाच्या सदोषतेमुळे व्यापत्ती होते, हे ज्या शास्त्राने इतक्या स्पष्टपणे सांगितले, त्याचे आपण अनुयायी आज मात्राबस्तीसाठी रबरी कॅथेटर वापरतो, धुतो आणि पुन्हा वापरतो. नैसर्गिक रबर तेलाने फुगते व दुर्बळ होते. हातमोजेही तेलात काही काळानंतर विरतात. क्लिन्न पुटक म्हणजे काय, हे पाहण्यासाठी टीका उघडण्याची आवश्यकता नाही. आपल्या पंचकर्म कक्षातील जुने कॅथेटर बोटाने ताणून पाहावे. पी.व्ही.सी.च्या नळ्यांत मऊपणासाठी थॅलेट जातीचे द्रव्य घालतात आणि ते स्नेहयुक्त द्रवांत उतरते, हे सुविदित आहे. आपले तर पुष्कळसे औषधच स्नेह आहे. मग गरम तेल अशा नळीतून देताना किंवा अशा पिशवीत दिवसेंदिवस साठविताना आपण काय विचार करतो?

एक बाजू अभिमानाचीही आहे. क्षारसूत्र हे आपले उपकरण जैवसुसंगतीच्या नव्या व्याख्येचे उत्तम उदाहरण आहे. ते निष्क्रिय नाही आणि त्याने निष्क्रिय असावे अशी अपेक्षाही नाही. स्नुहीक्षीराचे, अपामार्गक्षाराचे व हरिद्रेचे मिळून एकवीस लेप दिलेले ते सूत्र छेदन, क्षरण व रोपण एकाच वेळी घडविते. लोणार सरोवराच्या काठी राहणाऱ्या माणसाला क्षाराचे सामर्थ्य वेगळे सांगावे लागत नाही. तेच सामर्थ्य मात्रेने बांधून येथे उपचार झाले आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री अभ्यासात भगंदर भरण्यास क्षारसूत्राने अधिक काळ, सुमारे आठ आठवडे, लागला आणि शस्त्रकर्माने सुमारे चार. परंतु वर्षभरात पुनरुद्भव क्षारसूत्रात ४ टक्के तर शस्त्रकर्मात ११ टक्के दिसला. हे यश घोषणांनी मिळाले नाही. सूत्राचा क्रमांक, लेपांची संख्या आणि रुग्णांचा पाठपुरावा निश्चित केला म्हणून मिळाले. तीच शिस्त इतर उपकरणांना का लावू नये?

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य व शालाक्य विषयांतील ५८ शस्त्रकर्मांसंबंधी अधिसूचना काढली तेव्हा आपण सर्वांनी अधिकाराच्या बाजूने आवाज उठविला. तो योग्यच होता. परंतु शस्त्रकर्माचा अधिकार मागणाऱ्याने टाका, नळी, जाळी यांचे द्रव्यज्ञानही मागितले पाहिजे. ज्ञान टाळून केवळ अधिकार मागणे हे आपल्या परंपरेला शोभणारे नाही.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णपत्रकात 'देहस्थ परद्रव्य' असा एक स्वतंत्र रकाना ठेवावा. रुग्णाकडे शस्त्रकर्माच्या वेळी मिळालेले रोपणपत्र असल्यास त्यावरील कंपनीचे नाव, प्रकार व अनुक्रमांक उतरवून घ्यावा. नसल्यास ते मूळ रुग्णालयातून मागविण्यास सांगावे. डायलिसिसची अथवा औषधोपचाराची नळी असल्यास त्या बाजूची मान, छाती व खांदा यांना तेल लावू नये. पट्टीची कड सुटली तर ती आपण पुन्हा दाबून न बसविता संबंधित केंद्राकडे रुग्णास पाठवावे. काही पॉलियुरेथेन नळ्यांना स्पिरिट किंवा विशिष्ट मलमांनी अपाय होतो, तेव्हा निर्मात्याच्या सूचनापत्रकाविना तेथे काहीही लावू नये. डायलिसिससाठी हातावर शिरा-धमनीची जोडणी केली असल्यास त्या हातावर मर्दन वा बंधन करू नये. पेसमेकरच्या जागेवर मर्दन, दाब व विद्युत उपकरणांचा शेक वर्ज्य समजावा. कृत्रिम झडप वा जाळी असलेल्या रुग्णास रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात. तेथे जलौकावचारण वा सिरावेध करण्याचे धाडस त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाशी बोलल्याविना करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या दृष्टीने औषधाच्या कक्षेत आली आहेत. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवाना लागत नसल्याने आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत कॅथेटर, एनिमा संच, हातमोजे हेही कोणत्याही नोंदणीविना विकले जातात. २०२२ च्या सुधारणेनुसार, ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक औषधविक्रीचा परवाना नाही, त्यांनी उपकरणविक्रीसाठी एम.डी. ४२ या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्र घेणे आवश्यक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बिलावर बॅच क्रमांक लिहावा. सदोष माल परत मागविला गेला तर तो कोणाच्या हाती गेला हे सांगता आले पाहिजे. ए.एस.आर. प्रकरणात जे हरवले ते हेच होते.

आणि अपाय दिसल्यास तो कळवावा. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात सुरू झाला आहे. त्याकडे कोणताही चिकित्सक नोंद पाठवू शकतो. आपण पाठविलेली नोंद आपल्या पॅथीची नामुष्की ठरेल अशी भीती बाळगू नये. मी वर सांगितलेली घटना त्या वेळी कोठेही कळविली नाही. त्या नळीची कंपनी व क्रमांकही लिहून घेतला नाही. आज कोणी विचारले तर माझ्याकडे त्या रुग्णाच्या खांद्याच्या हालचालींची नोंद आहे, कोणते तेल किती दिवस लावले याची नोंद आहे. पण त्याच्या देहात असलेल्या त्या वीतभर नळीबद्दल एक शब्दही नाही.

तो रकाना मी त्यानंतर माझ्या पत्रकात घातला. आपणही घालावा आणि संघटनेने आपल्या छापील रुग्णपत्रकात त्याचा समावेश करावा, असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेत मांडण्याचा माझा विचार आहे. त्यावर वैद्यबंधू-भगिनींनी आपली मते अवश्य कळवावीत, ही नम्र विनंती.